एक मिलिग्रॅम

सगुणाबाई मोकल, वय एकाहत्तर, वजन त्रेचाळीस.
पिशवी टेबलावर उपडी केली त्यांनी,
वाटे मांडावेत तशी:
लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाची पांढरी,
गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली पिवळी,
इसबगोलाचा डबा, एरंडेल, पातळ साखरेसारखं ते औषध,
आणि तळाशी
कोळंबीचं एक सुकलेलं कवच.

"आठवड्यातनं एकदा," सून म्हणाली, "तेही रडत.
आमच्या मजल्यावर एकीला नवी गोळी लागू पडली,
दोन मिलिग्रॅमची. तीच लिहून द्या."

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

शौचातून रक्त? नाही.
वजन उतरलंय? पहिल्यापासून अशीच काटकी.
पोट फुगून, वारासुद्धा कोंडून, उलट्या? कधी नाही.
कधीपासून आहे हे?

सगुणाबाई हसल्या.
"ससून डॉकात लागले तेव्हापासून.
रात्री तीनला सोलायला बसायचं.
बाया शंभर, संडास एक, त्याला कडी नाही.
उठलं की आपली टोपली दुसरीची.
मग काय, कळ दाबायची.
दाबता दाबता यायचीच थांबली.
शहाणी झाली ती."

एवढी वर्षं शिकले, शिकवलं,
कारणांच्या यादीत हे कुठे वाचलं नव्हतं:
कडी नसलेलं दार.

त्या दिवशी नवं काहीच लिहिलं नाही.
पिवळी गोळी तेवढी काढून घेतली.
गुडघ्याला झोपवता झोपवता
ती आतड्यालाही अंगाई म्हणते.
सून जाताना पुटपुटली,
एवढ्या लांबून आलो, नि औषध कमीच केलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा त्या दोघी.
थोडा फरक. पुरता नाही.
रक्ताचा रिपोर्ट आणलेला, चार घड्यांचा,
पाठीवर किराणा: तेल, तूरडाळ, काडेपेट्या.
क्रिएटिनिनचा आकडा चढलेला.
वय म्हणालं एक, मूत्रपिंडं म्हणाली एक.
मग एकच. प्रुकॅलोप्राइड, एक मिलिग्रॅम.
सुनेचा चेहरा पडला,
जणू मी वजनात मारलं.

"तुम्ही जरा बाहेर बसता?"
दार लोटलं. मग विचारलं, मन कसं असतं हल्ली?
या गोळीआधी विचारायचं असतं.
घाई असली की राहून जातं.
त्या खिडकीकडे बघत राहिल्या.
"कधी कधी वाटतं, जावं आत. समुद्रात."

माझं पेन जागच्या जागी.

"होडीनं हो, डॉक्टरीणबाई!
जन्मभर त्यांनी आणलेलं सोललं,
येतं कुठून ते एकदाच पाहिलंय."
आम्ही दोघी हसलो.
तरी कागदाच्या कोपऱ्यात मी एक बारीक खूण केली,
आणखी दोन प्रश्न विचारले,
त्यांची उत्तरं नीट ऐकली.

मग मोठ्या अक्षरात, मराठीत:
रोज एक. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन नाही.
सुरुवातीला डोकं दुखेल, जुलाब होतील, बहुधा ओसरेल.
छातीत धडधडलं, पोटात जोराची कळ आली, रक्त दिसलं,
किंवा मन खोल खोल जायला लागलं,
तर गोळी बंद, आणि लगेच इथे.
चार आठवड्यांत गुण नाही तर थांबायचं,
पुढे रेटायचं नाही.
शेवटची ओळ सुनेला वाचून दाखवली. दोनदा.

कागद कनवटीला खोचून सगुणाबाई उठल्या,
दारात थबकल्या.
"इथे संडास कुठे? आणि कडी आहे ना त्याला?"

आहे, म्हणाले मी.
मग स्वतः जाऊन पाहिलं.
खिळा होता. सुतळी होती.
कधीपासून, ते कंपाउंडरलाही आठवेना.
बाहेर बाकावर अकरा बाया,
मांडीवर पिशव्या धरून, गप्प.

संध्याकाळी कुलाब्याच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं,
पितळेची देऊ की स्टीलची?